तिसरं स्मरणपत्र

आकडे पाठवणं ही नोकरी असू शकते, हे आमच्या घरी कुणाला शेवटपर्यंत पटलं नाही. आई अक्कलकोटहून फोन करायची आणि अर्धं कानडीत, अर्धं मराठीत विचारायची, "मोजणी करतीस का लिखाण करतीस?" मी म्हणायचे, दोन्ही नाही, एकानं मोजलेलं दुसऱ्याला पाठवते. "मग पोस्टातच हाईस की," असं म्हणून ती विषय संपवायची. पाच वर्षांत माझ्या कामाची याहून बरी व्याख्या मला कुणी ऐकवलेली नाही.

माझं वय एकतीस. कामाच्या आठवणी लिहायला जिल्ह्यात निवृत्त माणसं पुष्कळ आहेत, मला घाई करायचं कारण नव्हतं. पण ही नोकरी सुटून वर्ष झालं. ती का सुटली याच्या दोन-तीन गोष्टी सोलापुरात फिरतात आणि त्यांतल्या प्रत्येकीत मी शूर आहे. तेवढं दुरुस्त करावं म्हणून लिहिते.

आधी काम सांगते. कुठल्याही सरकारी कचेरीत आकडे जमतात. किती शाळा, किती दवाखाने, किती ऊस, किती अपघात. ते जिल्ह्यातून राज्याकडे, राज्याकडून दिल्लीला आणि दिल्लीहून पुढे परदेशातल्या मोठ्या संस्थांकडे जातात. पूर्वी हे कागदावर जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ते पुन्हा टाइप करायचं. आता एक ठरलेला साचा आहे. जगभरच्या कचेऱ्यांनी मान्य केलेला. त्यात आकडा एकटा जात नाही, सोबत पाच-सहा खुणा घेऊन जातो. कुठला, कधीचा, कशाचा, कोणत्या मापात आणि कितपत खात्रीचा. प्रत्येक खुणेला ठरलेलं चिन्ह असतं. मग टोकाला बसलेल्या यंत्राला मराठी येत नसली तरी चालतं.

सोलापूरकराला हे समजवायला मी जेकार्डचं उदाहरण द्यायचे. चादरीवर मोर यायचा तर भोकं पाडलेले पुठ्ठे मागावर ठरल्या क्रमानं चढवावे लागतात. मागाला मोर माहीत नसतो, त्याला भोक कळतं. आमच्या फाइलचंही तसंच. एक भोक चुकलं की मोराची मान जाते आणि मागाला काही वाटत नाही.

मी कंत्राटावर होते. जिल्ह्यातल्या कचेऱ्यांकडून आलेली प्रपत्रं घ्यायची, साच्यात बसवायची, तपासणीच्या यंत्रातून पास करून वर पाठवायची. एकदा एका तालुक्यातून ऊस आला तो क्विंटलमध्ये, खूण मात्र टनाची. यंत्रानं तो हसत पास केला. त्या हिशेबानं त्या तालुक्यात घराच्या गच्चीवरही ऊस असायला हवा होता. मी फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ऊस लई झालाय औंदा, तुमाला काय त्रास हाय?"

दुसरे एक सर होते टेंभुर्णीकडचे. त्यांच्या तक्त्यात काही चौकटी पिवळ्या असायच्या. मला वाटायचं शोभेला केलंय. दोन वर्षांनी त्यांची भेट झाली तेव्हा विचारलं, सर, पिवळं का हो करता? ते म्हणाले, "त्या आकड्याची मला खात्री नसते, म्हणून. तुम्हाला कळत नव्हतं होय?" यंत्राला रंग कळत नाही. सरांची दोन वर्षांची सगळी शंका आमच्या कचेरीत पुसली जात होती आणि पुढे खणखणीत खात्री जात होती.

खरं तर शंकेसाठी साच्यात जागा असते. त्या 'कितपत खात्रीचा' खुणेचा एक स्वतंत्र रकाना असतो. अंदाज असेल तर एक चिन्ह, तात्पुरता असेल तर दुसरं, माहितीच नसेल तर तिसरं. सरांना तो का मिळाला नाही? कारण मी तो काढून टाकला होता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. तालुक्याचे लोक म्हणाले, मॅडम, रकाने लई झाले, कमी करा. मी त्यांना पाठवायच्या कोऱ्या तक्त्यातून तो रकाना उडवला आणि आमच्याकडे फाइल करताना सगळीकडे एकच चिन्ह आपोआप भरायची सोय केली. 'नेहमीचा, ठीक.' तपासणीत सगळं हिरवं आलं. आमचे प्रमुख मेहेत्रे सर यांनी त्या दिवशी सगळ्यांना वडे मागवले. मी वडा खाल्ला, चांगला होता.

हे झालं कामाचं. आता माझं.

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. यंत्रमाग कामगारांची एक छोटी संघटना आहे, तिच्यासाठी. मागाच्या बाजूला दातेरी चक्रं फिरतात. त्यांवर लोखंडी जाळी हवी. बहुतेक शेडमध्ये ती नसते, असली तर साफसफाईला काढलेली परत बसवलेली नसते. चालत्या मागावर तुटलेला धागा जोडताना हात तिकडे जातो आणि बोटं जातात. यावर मी किमान पंधरा पत्रकं लिहिली असतील. पत्रकाची भाषा मला येते. पहिल्या ओळीत सवाल, दुसऱ्या ओळीत दोषी, तिसरीत इशारा. ती भाषा लिहिताना फार बरं वाटतं, हे मान्य करते. नोकरी लागल्यावर पत्रकं कमी झाली. हात शिवशिवत होते.

राजक्का मला त्या पत्रकांमुळे ओळखते. घरी टॉवेलच्या कडा शिवते. तिचा नवरा अंबादास मागावर आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चक्रात गेली आणि तिसरं वाकत नाही. तो अजून त्याच मालकाकडे आहे, आता डाव्या हातानं धागा जोडतो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राजक्का भांडताना दोन्ही.

एका दुपारी ती थेट आमच्या कचेरीत आली. पिशवीतून कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"वाच. तू आकड्याच्या हापिसात हाईस की."

परदेशी संस्थेच्या मदतीनं केंद्राची एक योजना येणार होती. निवडक जिल्ह्यांत मागांना जाळ्या बसवायच्या आणि तिथल्या दवाखान्यात हाताच्या दुखापतीसाठी स्वतंत्र खोली, व्यायाम शिकवणाऱ्या माणसासकट. अंबादासचं तिसरं बोट वेळेत व्यायाम मिळाला असता तर वाकलं असतं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीचा हात महिन्यापूर्वी चक्रात सापडला होता, तिची बोटं अजून वाचण्यासारखी होती. संघटनेनं अर्ज केला होता. त्याला उत्तर आलं होतं. प्रकाशित आकडेवारीनुसार आपल्या जिल्ह्यात लहान यंत्रमाग शेडमधील अपघातांची संख्या सलग दोन वर्षे शून्य असल्याने आपला जिल्हा विचारात घेता येत नाही. हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत सुधारित आकडेवारी यावी. तारखेला सहा आठवडे होते.

"शून्य म्हणजे?" राजक्का म्हणाली. "ह्यांची बोटं काय उंदरानं खाल्ली?"

मी म्हणाले, कुठल्या तरी आळशी बाबूनं न मोजता शून्य ठोकलंय, मी शोधते, सोडत नाही त्याला. मनात पत्रकाची पहिली ओळ तयारही झाली होती.

शोधायला अर्धा तास लागला. परदेशी संस्थेच्या तक्त्यावरून दिल्लीची फाइल, तिथून राज्याची, तिथून आमची. आमच्या फाइलमध्ये शून्य. आमच्याकडे आलेल्या प्रपत्रात 'निरंक'. निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कचेरीत सगळ्यात जास्त लिहिला जाणारा शब्द तोच असावा. निरंक लिहिलं की माहिती पोचली असं धरतात, पुन्हा कुणी विचारत नाही. आमच्या फाइलीत निरंक आलं की शून्य घाल, हा नियम मीच लिहिला होता आणि त्यात काही चूक नव्हती. चूक निरंक लिहिणाऱ्याची. सही होती, बिराजदार.

बिराजदार भाऊसाहेब पलीकडच्या रस्त्यावरच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक. निवृत्तीला सात महिने. मी तावातावानं गेले. ते डबा खात होते. कडक भाकरी, शेंगाची चटणी.

"बसा की. जेवलात?"

मी म्हणाले, भाऊसाहेब, दोन वर्षं तुम्ही निरंक लिहिलंय, शहरात रोज कुणाची तरी बोटं जातात, तुम्हाला माहीत नाही?

"माहीत हाय की. माझ्या मेव्हण्याचं गेलंय एक."

"मग लिहिलं का नाही?"

त्यांनी हात धुतला, पुसला. कपाटातून एक फाइल काढली, माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा भाकरी मोडायला लागले. मी उघडली. त्या दोन वर्षांच्या आधीच्या सहा महिन्यांची प्रपत्रं होती. प्रत्येकात, आकड्याच्या जागी, त्यांच्या गोल अक्षरात एकच वाक्य: लहान शेडमधील अपघात नोंदवण्याची व्यवस्था नाही, सबब माहिती उपलब्ध नाही.

यापेक्षा खरं उत्तर असू शकत नव्हतं. एवढ्या छोट्या शेडना अपघात कळवायचं बंधन नाही असं सगळेच धरून चालतात. मग कळवणार कोण?

"हे आमच्याकडे का आलं नाही?" मी विचारलं.

"आलं की. परत आलं. खाली बघा."

खाली स्मरणपत्रं होती. तीन. पहिलं साधं. दुसरं जरा कडक. तिसरं मी आजही तोंडपाठ म्हणू शकते, कारण ते मी लिहिलं होतं. तिन्ही मीच लिहिली होती. आकड्याच्या रकान्यात वाक्य आलं की आमचं तपासणीचं यंत्र फाइल अडवायचं, आणि अशा कचेऱ्यांना पाठवायला मी तीन नमुने करून ठेवले होते. नाव-पत्ता बदलून ते आपोआप जायचे. तिसऱ्याची सुरुवात अशी होती: जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या जिवाशी संबंधित माहिती दडवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? पुढे उदासीनता अक्षम्य होती. शेवटी जबाबदारी निश्चित करण्यात येणार होती. प्रत त्यांच्या साहेबांना.

मेहेत्रे सर तेव्हा म्हणाले होते, भाषा जोरदार आहे. माझी पत्रकं निदान वाचून लोक चुरगाळायचे. हे पत्रक सरकारी कागदावर गेलं होतं, त्याचा परिणाम झाला होता.

"साहेबांनी मला आत बोलावलं," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणाले, बिराजदार, पेन्शनला आलात, कशाला अंगावर घेता? निरंक लिवा, विषय संपवा. मी निरंक लिवलं. त्यानंतर तुमचं पत्र न्हाय आलं बघा. लई शांतता."

मी तिसरं पत्र परत फाइलीत सरळ केलं.

"पत्र चांगलं लिवलं होतं पण. कुणी लिवलं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत, ते सोपं गेलं असतं. "तुमी होय," म्हणाले आणि चटणीची वाटी माझ्याकडं सरकवली.

आता करायचं काय? पहिला विचार आला तो सांगते, लपवून उपयोग नाही. संघटनेकडे आमची स्वतःची यादी होती. नावं, गल्ली, कुठलं बोट. ती संख्या शून्याच्या जागी घालायला मला दोन मिनिटं लागली असती. पासवर्ड माझाच होता. राजक्का तर म्हणाली, "घाल की. खरीच माणसं हायत ती."

खरी होती. पण ती आम्हाला भेटलेली माणसं होती. न भेटलेली किती, हे आम्हाला माहीत नव्हतं. आणि कचेरीच्या सहीशिवाय आकडा घालणारी मी, न मोजता शून्य घालणाऱ्यापेक्षा वेगळी कशी? उद्या माझ्या जागी मालकांच्या बाजूचा कुणी बसला तर तोही घालील. हे मी राजक्काला समजावलं. तिला पटलं नाही. मलाही तेव्हा निम्मंच पटलं होतं. योजनेची नियमावली मात्र मी पुन्हा नीट वाचली. त्यात लिहिलं होतं की ज्या जिल्ह्यांची माहिती उपलब्ध नाही, तिथे आधी मोजणी करण्यात येईल. शून्याला काही नव्हतं. म्हणजे आमच्या दाराला कडी घातली होती ती शून्यानं. कोरी जागा असती तर निदान कुणी बघायला आलं असतं.

उपाय एकच. भाऊसाहेबांच्या कचेरीनं दोन वर्षांची सुधारित प्रपत्रं द्यायची, निरंकच्या जागी माहिती उपलब्ध नाही. मी त्या खात्रीच्या रकान्यात योग्य ते चिन्ह घालून पाठवायचं. मी पुन्हा गेले आणि तो रकाना तक्त्यातून मीच काढला होता, हेही सांगितलं.

"आणि चौकशी लागली तर?" भाऊसाहेब म्हणाले. "दोन वर्सं निरंक लिवलं, आता उपलब्ध न्हाय. बिराजदार, आधी खोटं लिवलं का आता? सात महिने राहिलेत, मॅडम. माझी फाइल अडकली तर तुमी येणार हाय का सोडवायला?"

बरोबर विचारत होते. मी विचारलं, काय दिलं तर तुम्ही कराल?

"तुमच्या हापिसाचं पत्र द्या. की तुमच्या तक्त्यात खरं उत्तर लिवायला जागा नव्हती. जागा कुणी काढली ते बी लिवा. आणि स्मरणपत्रं चुकीची होती म्हणून लिवा. सही करून."

ते पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. पंधरा पत्रकं लिहिणाऱ्या बाईला नऊ ओळी. सवाल नाही, इशारा नाही, दोषी मात्र होता. रकाना मी काढला. स्मरणपत्रांचा मजकूर माझा. संबंधित लिपिकाने सुरुवातीला योग्य माहिती दिली होती. सही केली आणि नेऊन दिलं. भाऊसाहेबांनी दोनदा वाचलं, फाइलला लावलं, साहेबांकडे घेऊन गेले. संध्याकाळी सुधारित प्रपत्रं माझ्या हातात होती. चोवीस महिने, चोवीस सह्या.

मेहेत्रे सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी दुरुस्ती अडवली नाही, उलट रकाना सगळ्या तक्त्यांत परत घालायला लावला. टेंभुर्णीच्या सरांना मी फोन केला, सर, पिवळं बंद, आता चिन्ह घाला. ते म्हणाले, सवय लागलीय हो, दोन्ही करतो. पण पत्राची प्रत मेहेत्रे सरांकडे आली तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"चूक सुधारलीस, चांगलं केलंस," ते म्हणाले. "लेखी कशाला दिलीस?"

मार्चमध्ये माझं कंत्राट वाढलं नाही. कारण दिलं नाही, विचारलंही नाही. यात शौर्य काही नाही. मी कुणाविरुद्ध लढले नव्हते, माझाच कचरा काढला होता.

तारखेच्या चार दिवस आधी आमची फाइल गेली होती. तीन आठवड्यांनी परदेशातून दिल्लीमार्गे प्रश्न आला, दोन ओळींचा. आधी शून्य होतं, आता माहिती नाही, कृपया कारण द्यावे. एवढ्या वर्षांत पलीकडून कुणी काही विचारलं, अशी ती पहिलीच वेळ. उत्तर म्हणून भाऊसाहेबांचं पहिलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजी करून पाठवलं. नोंदवण्याची व्यवस्था नाही. दोन महिन्यांनी आमचा जिल्हा 'आधी मोजणी' करायच्या जिल्ह्यांच्या यादीत आला.

राजक्काला सांगायला गेले. तिनं शिलाई थांबवली नाही. "म्हणजे आधी आमी नव्हतोच. आता हाय का न्हाय ते माहीत न्हाय."

"हो."

"आणि त्या पोरीचा हात?"

तिच्यासाठी उशीर होणार होता. तेही सांगितलं.

मोजणी गेल्या महिन्यात सुरू झाली. टॅब घेऊन मुली येतात. वस्तीत वाट दाखवायला मला सोबत घेतलं होतं, एका अटीवर. उत्तर देणाऱ्याला काही सुचवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. अट योग्य आहे, मी स्वतः असते तर हीच घातली असती.

अंबादासच्या घरी आम्ही गेलो तेव्हा तो नुकताच पाळीहून आला होता. उजवा हात त्यानं मांडीखाली घेतला होता, तो नेहमीच तसा बसतो. मुलीनं विचारलं, गेल्या पाच वर्षांत कामावर असताना काही दुखापत झाली का?

दारात शेजारचे दोघं उभे होते. त्यांतला एक त्याच शेडमधला जॉबर, म्हणजे मालकाच्या कानाजवळचा माणूस. अंबादासनं त्याच्याकडं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला. "तसं काय न्हाय."

मुलगी बोट टॅबकडं नेऊ लागली. मी जिभेवर दात ठेवला होता. माझ्या डोक्यात सवाल, दोषी आणि इशारा तिन्ही ओळी तयार होत्या आणि मला त्यांतली एकही बोलायची नव्हती. बोलले असते तर त्या घराचं उत्तर बाद झालं असतं.

राजक्का आतून आली, कमरेला पदर खोचलेला. तेलुगूत नवऱ्याला काहीतरी म्हणाली, हळू आवाजात. मग दारातल्या जॉबरला मराठीत म्हणाली, "मल्लिकार्जुनअण्णा, चहा टाकलाय, आत येऊन बसा. नायतर घरी जावा. दारात हुबं ऱ्हाऊ नका, उजेड अडतोय."

तो जरा रेंगाळला आणि गेला. दुसराही त्याच्या मागं गेला.

मुलगीही हुशार होती. टॅबवर काही भरलं नाही, काही सुचवलं नाही. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

अंबादासनं मांडीखालून हात काढला आणि चटईवर ठेवला.

"दोन गेली," तो म्हणाला. "तिसरं हाय, पण वाकत न्हाय. ते कुटं धरतीस, गेल्यात का राहिल्यात?"

मुलीनं टॅबवर पाहिलं. म्हणाली, "त्याला वेगळा रकाना आहे, काका."